रिबेकाची चादर

बसा.

पाठ टेकायची असेल तर टेका. हात मांडीवर असू द्या, सहज पडतील तसे.

एक श्वास आत घ्या. सावकाश सोडा.

आज फार काही करायचं नाही. एक चादर बघायची आहे, तेवढंच.

ती मनासमोर येऊ द्या. जाडसर, हातमागावरची. रंग पांढरा म्हणवत नाही. कच्च्या सुताचा करडा-पिवळा, धुऊन धुऊन उतरत आलेला. चार घड्या घातलेली. वरून बोट फिरवलं तर मधेच सुताची एक गाठ लागते.

बोट तिथंच असू द्या.

ही चादर रिबेकाची. रिबेका ब्रायन बून, वय चौतीस. वर्ष 1773, ऑक्टोबर महिना. व्हर्जिनियाच्या पश्चिम टोकाला ॲपलेशियन डोंगरांच्या रांगा एकामागे एक उभ्या आहेत, आणि त्यांच्या मधल्या पॉवेल खोऱ्यात उघड्यावर मुक्काम पडला आहे. घोडी, गुरं, गाठोडी, चाळीस-पन्नास माणसं. ओल्या पाचोळ्याचा वास. रिबेकाच्या मांडीवर पाच महिन्यांचा जेसी झोपला आहे.

तिचा नवरा डॅनियल बून. अमेरिकेतल्या शाळकरी पोरालाही हे नाव ठाऊक असतं. जंगलातून वाट काढणारा, केंटकी वसवणारा, लढवय्या. त्याच्यावर पुस्तकं निघाली, टीव्हीवर मालिका आली. त्या गलक्यात आपल्याला शिरायचं नाही.

आपण चादरीपाशी आहोत.

आणखी एक श्वास.

या चादरीचं सूत जवसाचं आहे. जवस तुमच्या ओळखीचा आहे. चटणीतला. विदर्भात रब्बीच्या शेतात ज्याला निळी फुलं येतात, तोच. आपण त्याचं बी खातो. तिकडच्या बायका त्याचा देठ जपतात.

बघा, ती जवस उपटते आहे. कापत नाही, मुळासकट उपटते, कारण धागा जितका लांब तितका बरा. पेंढ्या वाळवते. बी झोडून काढते. मग देठ गवतावर पसरून ठेवते, आणि रोज रात्री त्यावर दंव पडतं.

नुसतं दंव पडतं. दुसरं काहीच घडत नाही.

या न घडण्यापाशी जरा थांबा.

कित्येक दिवसांनी देठ कुजून मऊ होतो. मग तो लाकडी दांड्यांमध्ये ठेचायचा, झाडायचा, लोखंडी दातांच्या फणीतून विंचरायचा. टरफलं खाली पडतात, हातात केसांच्या बटेएवढा चकचकीत धागा उरतो. तो चरख्यावर. धागा कोरडा असला की तुटतो, म्हणून ती बोटं पुन्हा पुन्हा ओली करते.

ओलं बोट. फिरतं चाक. ओलं बोट.

चाकाचा आवाज ऐकू येतो का? सलग, खालच्या पट्टीतला. मधेच अडखळतो, कारण कुठलं तरी मूल रडलेलं असतं. मग पुन्हा सुरू.

पेरणीपासून घडीपर्यंत जवळजवळ वर्ष जातं. घरात दहा-बारा तोंडं असली की एका चादरीला किती हात लागत असतील, कुणी मोजत नाही.

डॅनियललाही कापड कळतं. पेन्सिल्व्हेनियात, क्वेकर पंथाच्या घरात, विणकराच्या पोटी तो जन्मला, 1734 साली. मागाची खटखट ऐकतच वाढला. पण त्याचा जीव रमला रानात. हिवाळा आला की बंदूक, सापळे आणि कुत्री घेऊन जायचं, हरणांची कातडी आणि बीव्हरची फर घेऊन वसंतात परतायचं. त्याच कातड्यांवर घर चालायचं. आणि तरी कर्ज फिटायचं नाही.

युद्धही त्यानं विशीतच पाहिलं. 1755 मध्ये मोनोंगाहेला नदीपाशी ब्रॅडॉक या इंग्रज सेनापतीची फौज उधळली गेली, तेव्हा डॅनियल सामानाची गाडी हाकत होता. जोताचे पट्टे कापले, घोड्यावर मांड टाकली आणि सुटला. दुसऱ्या वर्षी त्यानं रिबेकाशी लग्न केलं. ती सतरा वर्षांची. उंच, काळ्याभोर केसांची.

1769 मध्ये तो डोंगरांपलीकडे केंटकीत शिकारीला गेला, तो परतला 1771 मध्ये.

ही दोन वर्षं एका वाक्यात संपतात. चरित्रांत त्या दोन वर्षांवर प्रकरणं आहेत: त्यानं पाहिलेले रानरेड्यांचे कळप, खाऱ्या पाण्याचे झरे, त्याला पकडून त्यानं जमवलेली कातडी हिसकावून घेणारे शॉनी या मूळ रहिवासी जमातीचे लोक.

आपण दुसऱ्या बाजूला बसू. यादकिन नदीच्या खोऱ्यात, नॉर्थ कॅरोलायनात, लाकडी ओंडक्यांच्या घरात.

संध्याकाळ आहे. शेतातून ती आली आहे. गाय बांधली आहे. मका भरडला आहे. सात मुलं जेवली आहेत. वाटेवर कुणी नाही.

वाटेकडे बघा. उत्तर शोधू नका. नुसतं बघा.

श्वास आत.

श्वास बाहेर.

वाटेवर अजून कुणी नाही.

आता पुन्हा पॉवेल खोऱ्यात या. चादर कुठं आहे? गाठोड्यात आहे. घर विकलं, सगळं मागं सोडलं, आठही मुलं बरोबर घेतली. केंटकीला कायमचं जायला निघालेत. इंग्लंडच्या राजानं 1763 मध्येच डोंगरापलीकडे वस्ती करायला मनाई केली आहे. ती मनाई इकडे कुणी फारशी मनावर घेत नाही.

थोरला जेम्स सोळा वर्षांचा आहे. पीठ आणि अवजारं आणायला त्याला मागं धाडलं होतं. तो आता परतीच्या वाटेवर आहे, हेन्री रसेल नावाचा त्याच्याच वयाचा मुलगा आणि आणखी काही जणांबरोबर. अंधार पडला म्हणून ते ओढ्याकाठी थांबले आहेत. आईबापांचा मुक्काम जेमतेम तीन मैलांवर आहे, हे त्यांना माहीत नाही.

10 ऑक्टोबरची पहाट.

मी इथं तपशील सांगणार नाही. ते लिहून ठेवलेले आहेत, आणि वाचवत नाहीत. हल्ला करणारे डेलावेअर, शॉनी आणि चेरोकी या मूळ रहिवासी जमातींचे होते. त्यांच्या लेखी ही माणसं त्यांच्या शिकारीच्या रानात घुसत होती. ते खोटं नव्हतं. ॲडम नावाचा गुलाम ओढ्यातल्या ओंडक्यांच्या ढिगात लपला आणि त्यानं सगळं पाहिलं. कित्येक दिवस रानात भटकून तो माणसांत आला. आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं त्याच्यामुळे.

पुढच्या मुक्कामावर बातमी येते.

डॅनियल माणसांना हल्ला परतवायच्या तयारीला लावतो. त्याचा धाकटा भाऊ स्क्वायर प्रेतं पुरायला निघतो. तो निघतो तेव्हा रिबेका गाठोडं सोडते.

इथं थांबा.

गाठ सुटताना बघा. दोरीचा पीळ. तिची बोटं.

ती चादर काढते. मुलाला उघड्या मातीत ठेवू नका, असं काही ती म्हणाली असेल किंवा नसेल. चादर ती स्क्वायरच्या हातात देते. मांडीवर जेसी आहेच. तो भुकेला झाला असेल.

चादर आता तिच्या हातात नाही.

तुमच्या हातांकडे लक्ष द्या. ते मांडीवर आहेत, रिकामे. त्यांचं वजन जाणवू द्या.

काहीही समजून घेऊ नका. शोकाला कारण लावू नका, अर्थ लावू नका. नुसतं वजन.

एक श्वास.

आणखी एक.

सगळी माणसं मागं फिरतात. बून कुटुंब क्लिंच नदीकाठच्या दुसऱ्याच्या झोपडीत हिवाळा काढतं.

वसंतात डॅनियल एकटा त्या जागी जातो. लांडग्यांनी उकरू नये म्हणून वर रचलेले ओंडके तो बाजूला करतो, माती काढतो. पोराला तो केसांवरून ओळखतो. मग सगळं पुन्हा नीट झाकतो. तेवढ्यात वादळ येतं, वीज, मुसळधार पाऊस. एवढा खिन्न मी आयुष्यात कधी झालो नव्हतो, असं तो पुढं घरात सांगायचा. त्याचा शेंडेफळ मुलगा नेथन यानं म्हातारपणी, 1851 मध्ये, लायमन ड्रेपर या इतिहास गोळा करणाऱ्याला ते सांगितलं.

पाऊस ऐका.

मातीवर पडणारा. ओंडक्यांवर पडणारा. माणसाच्या टोपीवरून ओघळणारा.

तो पडू द्या.

आणि मग, तुम्हाला पटो न पटो, दीड वर्षातच ते पुन्हा निघतात. मला हे पटत नाही. पण मनन करायला बसल्यावर पटवून घ्यायचं नसतं. 1775 च्या मार्चमध्ये डॅनियल तीसेक कुऱ्हाडवाले घेऊन कंबरलँड खिंडीतून वाट तोडतो. केंटकी नदीकाठी बूनस्बरो उभं राहतं. सप्टेंबरात रिबेका आणि मुलं येतात. त्या किल्लेवजा वस्तीत पाऊल टाकणाऱ्या पहिल्या गोऱ्या बायका म्हणजे ती आणि तिची लेक जेमायमा.

इथं मेंढ्या नाहीत. जवस अजून पेरायचा आहे. अंगावरचे कपडे विरत चालले आहेत.

मग बायका काय करतात, बघा. हिवाळाभर बर्फाखाली उभ्या उभ्या कुजलेली खाजकुइलीसारखी रानझुडपं आहेत, हात लावला की चावणारी. वसंतात त्यांच्या वाळक्या देठातून त्या धागा काढतात. रानरेड्याची लोकर उभ्याला आडवी घालतात. खरखरीत, उबदार, विचित्र कापड होतं.

ते कापड गालाला लावून बघा.

थोडं टोचतं. टोचू द्या.

पुढची वर्षं भराभर जातात. 1776 च्या जुलैत जेमायमा आणि तिच्या दोन मैत्रिणी नदीत होडीत असताना पळवल्या जातात. तिसऱ्या दिवशी डॅनियल त्यांना गाठून सोडवतो. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आहे आणि इंग्रजांनी शॉनींना बरोबर घेतलं आहे. 1778 च्या फेब्रुवारीत ब्लू लिक्सच्या खाऱ्या झऱ्यावर वस्तीसाठी मीठ शिजवायला गेलेली माणसं, डॅनियलसकट, शॉनींच्या हाती सापडतात.

शॉनींमध्ये एक रीत आहे. घरातलं कुणी लढाईत गेलं, तर पकडून आणलेल्या माणसाला त्याच्या जागी दत्तक घ्यायचं. डॅनियलच्या डोक्यावरचे केस उपटून फक्त शेंडी ठेवतात. बायका त्याला नदीत नेऊन घासून घासून धुतात. ब्लॅकफिश हा सरदार त्याला मुलगा म्हणतो.

म्हणजे त्या घरातही एक जागा रिकामी असणार.

त्या घराच्या दारात क्षणभर उभे राहा. आत जाऊ नका. एक बाई मका कुटते आहे. तिच्याही पोराला कशात तरी गुंडाळून पुरलं असेल. ते कापड कुठलं, कुणी विणलं, कुणी दिलं? बूनच्या चरित्रकारांनी रिबेकाची चादर नोंदवली. या बाईची कुणी नोंदवली नाही.

तिच्यासाठी एक श्वास. पूर्ण.

जूनमध्ये ब्लॅकफिश बूनस्बरोवर चालून जायच्या तयारीत आहे हे कळल्यावर डॅनियल निसटतो. 160 मैल चार-पाच दिवसांत तुडवत घरी पोचतो.

घर रिकामं.

तो मेला असंच सगळ्यांनी धरलं होतं. रिबेका मुलांना घेऊन घोड्यांवरून नॉर्थ कॅरोलायनाला माहेरच्या माणसांकडे परत गेली आहे. मागं फक्त जेमायमा राहिली आहे, तिचं लग्न झालंय म्हणून. बून घराण्यात अशी गोष्ट सांगतात की तो त्या ओसाड घरात टेकला, आणि कित्येक दिवस न दिसलेली घरातली मांजर कुठून तरी आली आणि त्याच्या मांडीवर चढून बसली.

आता वाट बघणारा तो आहे.

खोलीत नजर फिरवा. थंड चूल. भिंतीवर रिकामी खुंटी. मांडीवर मांजरीची ऊब.

ही ऊब जरा वेळ राहू द्या.

तो लगेच रिबेकाकडे जात नाही. सप्टेंबरात वेढा पडतो, दहा-एक दिवस चालतो, उठतो. मग डॅनियलवरच फितुरीचा आरोप होतो. लष्करी चौकशीत तो निर्दोष ठरतो, त्याला मेजर करतात. एवढं सगळं झाल्यावर तो डोंगर ओलांडून तिच्याकडे जातो. ती काय म्हणाली, हे तो पुढं कधी फारसं सांगत नसे. पुढच्या वर्षी ती त्याच्याबरोबर केंटकीला परत येते, ही नोंद मात्र आहे.

आणि 1782. यॉर्कटाउनला इंग्रजांनी शस्त्रं ठेवून दहा महिने झालेत. पूर्वेकडे युद्ध संपल्यात जमा आहे. इकडे 19 ऑगस्टला, त्याच ब्लू लिक्सपाशी, केंटकीचे स्वार नदी ओलांडायच्या बेतात आहेत. पलीकडे शत्रूनं दबा धरलेला असणार, असं डॅनियल बजावतो. कुणीतरी त्याला भित्रा म्हणतं आणि घोडा पाण्यात घालतं. बाकीचे मागोमाग.

काही मिनिटांत सगळं आटोपतं. सत्तरच्या आसपास माणसं पडतात. त्यांत त्यांचा दुसरा मुलगा इस्रायल आहे, तेविशीतला. डॅनियल त्याच्यासाठी घोडा पकडून आणतो, बस आणि पळ म्हणतो. बापाला सोडून तो हलत नाही. गोळी लागते.

या वेळी चादर द्यायला वेळच नसतो. काही दिवसांनी माणसं परत येतात तेव्हा उन्हानं प्रेतं ओळखू येईनाशी झालेली असतात. सगळ्यांना एकत्र पुरतात.

घरी बातमी नेणारा डॅनियलच आहे.

तो दारात उभा आहे. ती वळते.

इथं मी काही बोलत नाही. तुम्हीही मनात बोलू नका.

श्वास आपोआप चालू आहे. चालू दे.

त्या वेळी नेथन दीड वर्षांचासुद्धा नाही. तो भूक लागली की रडतो, आणि ती त्याला उचलते. तिनं दहा मुलांना जन्म दिला. एक तान्हेपणीच गेलं, दोन असे गेले. शिवाय माहेरची सहा पोरकी पोरं तिनं आपल्याच चुलीवर वाढवली. पुढं या घरात गुलामही आले, तेव्हा चुलीपाशी तिच्या जोडीला तेही राबले. त्यांची नावं सहसा कुणी घेत नाही.

1784 मध्ये जॉन फिल्सन नावाच्या एका माणसानं केंटकीवर पुस्तक काढलं, त्यात डॅनियलची कहाणी छापली. तो एकदम प्रसिद्ध झाला. जमिनी मात्र हातातून गेल्या. एकाच तुकड्यावर तिघांचे दावे, मोजणीत चुका, नोंदणीत ढिलाई, कोर्टकचेऱ्या. ज्या जमिनीपायी दोन पोरं गेली ती जमीनही राहिली नाही. आणि मुळात ती त्यांची होती का, हे वर आलंच आहे.

1799 मध्ये पासष्टीच्या उंबरठ्यावर तो पुन्हा निघाला. मिसिसिपीपलीकडे मिसूरीत, तेव्हा तिथं स्पेनचा अंमल होता. रिबेका होतीच. साठ वर्षांची.

आता वेग कमी करू.

1813 चा वसंत. मिसूरी नदीजवळ मेपलच्या झाडांना खाचा पाडल्या आहेत. लाकडी भांड्यांत रस थेंब थेंब पडतो आहे. ती मोठ्या कढईत तो रस आटवते. आपल्याकडे गुऱ्हाळात रस कढतो तशी वाफ, तसाच गोड, जरा करपट वास. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई आहे. दिवसचे दिवस ती आगीपाशी उभी राहते.

थेंब ऐका.

एक.

मग बराच वेळ काही नाही.

मग एक.

त्या कामातच ती आजारी पडली. जेमायमाच्या घरी, 18 मार्चला, ती गेली. मार्थासव्हिलजवळच्या टेकाडावर तिला पुरलं. तिचं लिहिलेलं एकही पत्र नाही; कागदावर सहीऐवजी ती खूण करायची. तिचं जिवंतपणी काढलेलं चित्रही नाही. डॅनियलचं एक चित्र त्याच्या अखेरच्या वर्षात चेस्टर हार्डिंगनं काढलं.

तो आणखी सात वर्षं जगला. 26 सप्टेंबर 1820 ला नेथनच्या दगडी घरात गेला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे तिच्या शेजारी त्याला पुरलं.

शेवटचं एकदा चादरीकडे या. ती जमिनीत आहे, पॉवेल खोऱ्यात कुठेतरी. जवस मातीतून आला होता, मातीत गेला.

हात हलवा. बोटं मिटा, उघडा. खोलीतले आवाज येऊ द्या, पंखा, रस्ता, शेजारच्या कुकरची शिट्टी. डोळे उघडा.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. 1845 मध्ये केंटकीनं दोघांच्या अस्थी मिसूरीतून उकरून फ्रँकफर्टला नेल्या आणि पुढं तिथं मोठं स्मारक केलं. मिसूरीची माणसं अजून म्हणतात, चुकीची कबर उकरलीत. वाद मिटलेला नाही. दोन्हीकडे दगड उभे आहेत. तुमचं कुणी सेंट लुईसला असेल तर मार्थासव्हिल तिथून गाडीनं तासाभरावर आहे. टेकाडावर जा. दगडावर दोघांचीही नावं आहेत. तिचं आधी वाचा.